जांभळ्या उजेडातले कोयते

१

शेवटच्या गाण्याला सभागृहातले सगळे दिवे मालवले, छताचे जांभळे दिवे तेवढे ठेवले, आणि वादकांच्या मागच्या काळ्या पडद्यावर तीन कोयते झगझगीत उजळले.

क्षणभर कुणाला काही उमगलंच नाही. लोकांना वाटलं, असेल यांचीच काहीतरी नवी करामत. हेवी मेटलचा कार्यक्रम म्हटला की कवट्या, हाडं, शिंगं, साखळदंड हे आलंच, त्यात तीन कोयत्यांची काय ती भर! पण पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ ताडकन उठले. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं, तोंड उघडलं, आणि एक शब्द न काढता खुर्चीतच कोसळले. ते होते गिटार वाजवणाऱ्या मुलीचे वडील. लेकीचा कार्यक्रम बघायला आयुष्यात पहिल्यांदा आले होते बिचारे.

मग मात्र एकच हलकल्लोळ उडाला. गोलात एकामागे एक फिरणारे तीन कोयते म्हणजे कोयतेवाल्यांची खूण, हे त्या शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. 'बाहेरचे लोक चालते व्हा' म्हणत त्या टोळीनं एके काळी वस्त्याच्या वस्त्या पेटवल्या होत्या. टोळी आता संपली होती म्हणे. म्हणे!

ही सगळी हकिगत मावशीनं दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकली, तीही तोंडात दात घासायचा ब्रश असताना, कारण दारात उभा असलेला भाचा बेलवरचं बोट काढायलाच तयार नव्हता.

मावशी रेडिओलॉजिस्ट. लोकांच्या हाडांची आणि काळजांची चित्रं वाचण्यात तिची उभी हयात गेली. भाच्याच्या संगीतातलं तिला ओ की ठो कळत नसे. तो गायला लागला की तिला वाटे, या पोराला कुणीतरी आधी गरम पाण्याच्या गुळण्या करायला द्या रे. त्याच्या 'वणवा' बँडमध्ये त्याला सगळे घोगऱ्याच म्हणत. तरीही कानात कापसाचे बोळे घालून ती प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत हजर असायची. कालच नेमकी दवाखान्यात पाळी होती, आणि कालच हे रामायण झालं.

"आज संध्याकाळी दुसरा प्रयोग आहे," घोगऱ्या म्हणाला. त्याचा आवाज आज खरोखरच बसला होता. "सभागृहाबाहेर मोर्चा आलाय, हे संगीतच बंद करा म्हणून. आणि ठिणगी म्हणते, संध्याकाळपर्यंत कुणी केलं ते कळलं नाही, तर ती गिटार खाली ठेवणार. कायमची."

ठिणगी म्हणजे ती गिटारवाली. तिच्याशिवाय 'वणवा' म्हणजे विझलेली चूल.

"आणि संशय कुणावर आहे?" मावशीनं विचारलं.

त्यानं मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर सतरा वर्षांचा तोच होता, पाठ दाखवत मान वळवून ऐटीत उभा, जाकिटाच्या पाठीवर कुठल्याशा जुन्या बँडचं नाव आणि खाली तीन कोयते. लोक घाबरतात म्हणून मजा वाटते, एवढीच तेव्हा त्याची अक्कल. मावशीनं त्याच आठवड्यात कात्रीनं ते कापून काढलं होतं आणि जाकिटाला भोक पडलं म्हणून तो दोन दिवस जेवला नव्हता. पण फोटो कुठेतरी राहून गेला होता. रातोरात कुणीतरी तो उकरून काढला.

"मावशी, मी केलेलं नाही."

"मी विचारलं का तुला?"

"नाही विचारलंस. म्हणून तर सांगतोय." त्यानं खिशातून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. "कोयते ज्या रंगानं काढले, तो रंग यात आहे. ही आज सकाळी माझ्या पिशवीत सापडली."

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली.

२

तरी हातपाय गाळून बसणाऱ्यांपैकी ती नव्हे. अर्ध्या तासात स्वारी ठिणगीच्या घरी दाखल झाली. मनात मात्र एकच भुंगा होता. शोधून काढीनही मी, पण भाचाच निघाला तर? निघाला तर निघाला, तिनं स्वतःला बजावलं आणि ती जिना चढली.

दोन खोल्यांचं घर. गिटारची पेटी फ्रीजला टेकवून ठेवलेली. आतल्या खोलीत ठिणगीचे बाबा कॉटवर पडलेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की धोका टळलाय, पण कालपासून ते अवाक्षर बोलले नव्हते. चादरीवर त्यांचं बोट तेवढं हलत होतं. एकदा गोल फिरवायचे, थांबायचे, मग उलट्या दिशेनं गोल फिरवायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे.

"काल रात्रीपासून हेच चाललंय," ठिणगी म्हणाली. पोरगी रडून रडून थकली होती, पण नजर धारदार.

मावशीनं मुद्दामच खडा टाकून पाहिला. "तुमच्या त्या पोस्टरांवर एवढी भुतंखेतं असतात, ती चालतात. मग तीन कोयत्यांनीच एवढं का व्हावं?"

"मावशी, कवटीनं कधी कुणाचं दार ठोठावलंय?" ठिणगी उसळून म्हणाली. "राक्षस, पिशाच्चं, सगळं खोटं आहे, ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तर मजा. हे कोयते दंडावर बांधून चार जण आमच्या दारात आले होते. मी पलंगाखाली होते. दादा म्हणाला, मी बोलून येतो, आणि बाहेर गेला. तो परत आलाच नाही. पाठोपाठ घर पेटलं."

मावशीनं तिचा हात धरला.

"शेवटचं गाणं माझं आहे," ठिणगी पुढे म्हणाली. "दादावर केलेलं. बाबांनी ते ऐकावं म्हणून किती वर्षं मिनतवाऱ्या करत होते! आणि नेमकं त्याच गाण्याला, माझ्या डोक्यावर... मावशी, जांभळे दिवे त्या गाण्याला लागतात हे बँडबाहेरच्या कुणाला माहीतच नाही. म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी. परक्यानं मारलं असतं तर सोसलं असतं हो."

"आणि कालच्या पडद्याचा फोटो कुणी काढला? सगळीकडे फिरतोय तो?"

"तेच तर कळत नाही! आमच्या कार्यक्रमात मोबाइल दारातच जमा करून घेतात. लोकांनी गाणं ऐकावं, फोन वर धरून उभं राहू नये म्हणून. हॉलमध्ये एकाकडेही फोन नव्हता. आणि तरी पहाटेपर्यंत कोयतेवाल्यांच्या टोळक्यानं फोटो टाकला, वर लिहिलं, 'शेवटी आपलेच निघाले.'"

मावशीचे कान टवकारले. तिनं तो फोटो ठिणगीकडून मागून घेतला. फोटोत माणूस एकच, ढोलांच्या मागे बसलेला ठोक्या, मान खाली घालून वाजवण्यात गर्क. त्याच्या डोक्यावर पडदा, पडद्यावर बँडचं नाव. नाव कसलं, काट्याकुट्यांचा भारा! डावीकडून बघा की उजवीकडून, सारखाच दिसणारा आणि कुठूनही न वाचता येणारा. त्याच्या मधोमध ते तीन कोयते. आणि गंमत म्हणजे पुढच्या दोन्ही झांजांची पोटं दिसत होती, पाठ नाही.

"हा फोटो फार खालून काढलाय," मावशी पुटपुटली. पण एवढ्या खाली, ऐन रंगमंचावर, गाणं चालू असताना कोण बसलं होतं?

३

पडदा रंगवणारा रंगारी आपल्या गोदामात संतापानं लालबुंद होऊन बसला होता. सकाळपासून लोक फोन करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

"माझा हात नाही त्यात, बाई! या, बघा माझी पद्धत." त्यानं मावशीला जमिनीवर पसरलेलं कापड दाखवलं. "आधी अर्ध्या नावाचा साचा कापायचा. एक बाजू रंगवायची, साचा पालथा घालायचा, दुसरी बाजू रंगवायची. म्हणून दोन्हीकडे तंतोतंत सारखं येतं. सगळं काम समोरच्या बाजूनं. त्यात मी कोयते घातले असते, तर एक इकडे आणि एक तिकडे, असे जोडीनं आले असते."

"आणि तो चमकणारा रंग?"

"काट्यांच्या कडांना लावलाय. साध्या उजेडात दिसत नाही, जांभळ्या दिव्यात पेटतो. उरलेली बाटली घोगऱ्याला दिली, कुठे खरवडलं तर हात फिरवायला. त्यानं ती मेकअपच्या खोलीत आरशासमोर ठेवली, माझ्यादेखत. कापड जाळीचं आहे, बरं का. मागच्या भोंग्यांचा आवाज पुढे यावा म्हणून."

म्हणजे बाटली सगळ्यांच्या हाताशी होती. मावशीच्या जिवात थोडा जीव आला. थोडाच.

मॅनेजरच्या कचेरीत वेगळाच थाट. तीन फोन एकदम वाजत होते आणि मॅनेजर तिन्हींवर एकदम बोलत होता. चेहरा दुःखी ठेवायची त्याची धडपड चालली होती, पण जमत नव्हतं.

"भयंकर झालं हो मावशी, भयंकर! आजची सगळी तिकिटं मात्र संपली."

"अरे लबाडा! म्हणजे तुझा फायदाच झाला की."

"देवाशपथ सांगतो, असला फायदा मला नको. उद्या सभागृहवाले दारात उभं करणार नाहीत. आणि मला कसल्या खुणा नि कसलं काय! मला तर आधी ते केळीचे घड वाटले." मॅनेजरनं फोन खाली ठेवला. "मी सभागृहात पार मागे दिव्यांपाशी होतो. गोंधळ झाला तसा पुढे धावलो, दिवे बंद करा म्हणून ओरडत, तर रंगमंचाच्या कडेला कसल्याशा टीचभर तिपाईत पाय अडकून तोंडावर आपटलो. हे बघा, दाढ हलतेय."

"कसली तिपाई?"

"कुणास ठाऊक! अंधारात काय दिसणार? नंतर बघतो तर तिथं काहीच नाही."

केळीचे घड म्हणणाऱ्या माणसाला ती खूण काढता आली असेल, की हा नाटकी आहे? मावशी विचार करत बाहेर पडली, तोच मॅनेजर मागून ओरडला, "एक सांगायचं राहिलं! दुपारभर पडद्याच्या मागे एकटा कोण होता, माहीत आहे? तुमचा भाचा!"

४

ठोक्याचा सरावाचा गाळा एका गॅरेजच्या खाली होता. भिंतींना फोम, कोपऱ्यात तबकड्यांचा ढीग, मधोमध ढोलांचा संसार. ठोक्या म्हणजे दिलखुलास गडी. मावशीला बघताच त्यानं थर्मास काढला, डाव्या हातानं चहा ओतला आणि स्वतःची खुर्ची तिला दिली.

"डावखुरा का रे तू?"

"जन्मापासून! कुठेही जा, माझे ढोल उलटे मांडून घ्यावे लागतात. सभागृहाचे कामगार मला शिव्या घालतात. ही झांजांची जोडी बघा, पायानं उघडझाप होते ती. सगळ्यांच्या डाव्या हाताला असते, माझ्या उजव्या."

समोरच्या स्क्रीनवर त्याच्याच शिकवणीचा एक पाठ चालू होता. मावशीनं पाहिलं तर स्क्रीनवरचा ठोक्या उजव्या हातानं सफाईदार वाजवत होता.

"अरे, इथं तर तू उजवा दिसतोस!"

"ती गंमतच आहे." ठोक्या हसला. "डावखुऱ्याचं बघून पोरं गोंधळतात. म्हणून मी कॅमेऱ्यानं जे काही टिपतो ते संगणकात आपोआप उलटून निघतं. आता तर माझ्या लक्षातही येत नाही."

मावशीनं चहाचा घोट घेतला आणि तबकड्यांच्या ढिगाकडे नजर टाकली. "यातले काही जण कोयतेवाल्यांचे भाट आहेत असं ऐकते."

"असतील. मी ढोल ऐकतो, शब्द ऐकत नाही. चित्र म्हणजे चित्र हो मावशी. या संगीताचा जीवच लोकांना दचकवण्यात आहे. आजकाल सगळ्यांची कातडी पातळ झालीय."

"ठिणगीचीसुद्धा?"

"ठिणगी माझ्या बहिणीसारखी आहे." त्यानं मान हलवली. "आठ वर्षं त्या घरात जेवतोय मी. मला तर काल काही दिसलंही नाही. पडद्याकडे पाठ करून बसलेला माणूस मी. जे पाहिलं ते फोटोत."

"कालचं वाजवणं टिपलं नाहीस?"

"बॅटरी बसली ऐन वेळेला." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "घोगऱ्या काल दुपारी पडद्यामागे बराच वेळ आवाज तापवत होता. मी काही म्हणत नाही. पण ते जाकीट... माणूस एकदा त्या वाटेला गेला की आत कुठेतरी राहतंच ते."

मावशी कप खाली ठेवून उठली. पोरगा बोलला ते तिला झोंबलं, कारण सकाळपासून तिला तीच भीती होती.

५

दुपारी ती मॅनेजरला घेऊन रिकाम्या सभागृहात गेली. बाहेर मोर्च्याच्या घोषणा चालू होत्या, आत शुकशुकाट.

"लाव तुझे जांभळे दिवे."

दिवे लागले आणि कोयते पेटले. फोटोत पाहणं वेगळं आणि डोक्यावर लखलखताना पाहणं वेगळं. मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे बघून तो म्हातारा कोसळला यात काय नवल, असं तिला वाटलं.

मग तिनं आयुष्यभराच्या सवयीनं स्वतःलाच विचारलं: बाजू कुठली?

ते तिचं ठरलेलं. फिल्म हातात आली की आधी बाजू बघायची, मग रोग. फिल्म पालथी लावली की काळीज उजवीकडे दिसतं आणि धडधाकट गुडघ्यावर सुरी चालते. तिनं भाच्याच्या जाकिटाचा जुना फोटो काढला. त्यावरची अक्षरं सरळ वाचता येत होती, म्हणजे फोटो सुलटा. त्यात कोयते उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांसारखे, फिरत होते. काल रात्रीच्या फोटोतही उजवीकडेच.

आणि समोर, पडद्यावर, डावीकडे!

"अगंबाई!" मावशी एवढ्या मोठ्यानं ओरडली की मॅनेजरनं दचकून दिवेच घालवले. "लाव रे, लाव लाव!"

तिनं पुन्हा पाहिलं. शंकाच नाही. चादरीवर दोन्हीकडून बोट फिरवणारे ठिणगीचे बाबा तिला आठवले. त्या बिचाऱ्याला पहिल्या क्षणीच दिसलं होतं की काहीतरी चुकतंय. वय विसरून ती रंगमंचावर चढली आणि पडद्याच्या मागच्या बोळात शिरली. तिथं ठोक्याच्या ढोलांची रिकामी खोकी, भोंगे, वायरींची भेंडोळी. तिनं जाळीच्या कापडाकडे मान वर करून पाहिलं. इथून कोयते उजवीकडे फिरत होते. अगदी खऱ्या खुणेसारखे. रंगही इकडून जाड होता, पुढे नुसता झिरपलेला.

म्हणजे कोयते काढणारा इथं उभा होता! समोर सभागृहात दिवसभर माणसांची ये-जा, म्हणून त्यानं मागून काम उरकलं. त्याला दिसत होतं ते बरोबरच होतं. समोरून उलटं दिसेल, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. रंगारी सुटला.

पण या बोळात भाचा दुपारभर होता. मावशी एका खोक्यावर मटकन बसली. तिनं कालचा फोटो पुन्हा उघडला. पडद्यावर खूण डावीकडे आणि फोटोत उजवीकडे, म्हणजे फोटो उलटवलेला. फोटो उलटवतं कोण? तिची नजर फोटोतल्या झांजांच्या जोडीवर गेली आणि ती ताडकन उठली.

"मॅनेजर! सगळ्यांना बोलाव. आत्ताच्या आत्ता!"

६

सगळे आले. ठिणगी, घोगऱ्या, ठोक्या, रंगारी. कुणी कुणाच्या शेजारी बसेना. दिवे साधेच होते, पडदा नुसता काळा दिसत होता. मावशी त्याच्यासमोर उभी राहिली. आवाज खणखणीत.

"हे काम कुणा अडाण्याचं आहे," ती म्हणाली. "कोयतेवाल्यांची खूण उजवीकडे फिरते. यानं डावीकडे काढलीय. एवढीही अक्कल नाही."

"म्हणजे कोयतेवाला नव्हेच तो!" मॅनेजर आनंदानं म्हणाला.

"काहीतरीच काय," ठोक्या हसला. "फोटोत चांगली उजवीकडे फिरतेय."

"फोटोचं सोड. दिवे लावा रे."

जांभळा उजेड पडला. ठिणगीनं ओठ घट्ट मिटले. घोगऱ्यानं मान खाली घातली. रंगारी दोन पावलं पुढे आला आणि डोळे बारीक करून बघू लागला. मॅनेजर बोट हवेत फिरवत डावं-उजवं ठरवत बसला. ठोक्याचं हसू मात्र मावळलं. तो उठला, रंगमंचावर चढला, ढोलांना वळसा घातला आणि तडक पडद्याच्या मागे गेला.

जाळीतून त्याची सावली दिसत होती, मान वर केलेली.

"काय रे ठोक्या," मावशीनं अगदी सहज विचारलं, "तिकडून दिसते का बरोबर?"

"हो, इकडून बरोबरच..."

सावली जागच्या जागी थिजली.

"आम्ही सगळे पडदा इकडून बघतोय," मावशी म्हणाली. "तुला एकट्यालाच मागे जावंसं का वाटलं? कारण ती खूण तू तिकडून काढलीस, खोकी ठेवायच्या निमित्तानं मागे जाऊन, आणि बाटली माझ्या भाच्याच्या पिशवीत सरकवलीस. आणि तू काढलेली खूण चुकली, हे तुला सहन होईना. चित्र म्हणजे चित्र ना रे?"

ठोक्या बाहेर आला. "उगाच काहीतरी! मी माझी खोकी बघायला गेलो होतो."

"बरं, मग फोटोचं बोलू. हॉलमध्ये एकाकडेही फोन नाही. फोटो इतका खालून की झांजांची पोटं दिसतात. तिथं माणूस बसूच शकत नाही, पण टीचभर तिपाईवरचा तुझा कॅमेरा बसतो. त्याच तिपाईत अडकून या मॅनेजरची दाढ हलली. आणि या फोटोत तुझी झांजांची जोडी तुझ्या डाव्या हाताला आहे. डावखुऱ्या ठोक्याच्या डाव्या हाताला! तुझ्या संगणकातून जे निघतं ते उलटून निघतं, तूच सांगितलंस. काल तू पडद्याकडे पाठ करून होतास. खूण तू पाहिलीस ती फोटोतच, उलटलेली, म्हणून तुला सुलटी दिसली. यात तू खोटं बोलला नाहीस, आणि तिथंच सापडलास."

सगळ्यांचे डोळे ठोक्यावर. तो खांदे उडवायला गेला, पण ते वर जाईनात. मग एकदम त्याचा चेहरा बदलला, आणि दिलखुलास गडी कुठल्या कुठे गेला.

"हे संगीत आमचं होतं," तो ठिणगीकडे बघत म्हणाला. "ताकदीचं, रागाचं. तू आलीस आणि सगळी रडगाणी झाली. दादा, घर, राख. बाहेरून यायचं आणि आमच्याच मंचावर उभं राहून आम्हालाच ऐकवायचं! जे बँड मी ऐकतो ते तरी खरं बोलतात."

"शब्द ऐकत नाहीस ना तू?" घोगऱ्या ओरडला. तो उडी मारून वर चढणार होता, पण ठिणगीनं त्याला हातानं अडवलं.

"आठ वर्षं माझे बाबा तुला पहिलं ताट वाढत होते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "माझ्या दादाच्या जागेवर बसवत होते तुला. ऊठ आता तिथून."

ठोक्या रंगमंचावरून खाली उतरला. मॅनेजरनं दार उघडून धरलं आणि तो गेला. मावशीनं भाच्याकडे पाहिलं. सकाळपासूनची भीती ओसरली तशी तिला एकदम रडूच फुटलं.

"तुला वाटलं होतं ना, मीच असेन?" घोगऱ्यानं विचारलं.

"वाटलं होतं," मावशी नाक पुसत म्हणाली. "म्हणून तर एवढी धावले, गाढवा."

"ढोलांशिवाय संध्याकाळचं काय करायचं?" मॅनेजरनं डोक्याला हात लावला. "आणि हा पडदा? दुसरा कुठून आणू?"

ठिणगीनं रंगाऱ्याच्या पिशवीतली मोठी कात्री उचलली आणि ती पडद्याकडे चालू लागली.

संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं. काळ्या पडद्याच्या मधोमध एक भलंमोठं भोक होतं. गाणी सुरू व्हायच्या आधी घोगऱ्या माइकपाशी आला, ते जुनं जाकीट घालून, पाठीला तसंच भोक. सतराव्या वर्षी आपण काय मिरवत होतो, ते त्यानं साध्या आवाजात सगळं सांगितलं. पहिल्या रांगेकडे बघून सांगितलं. तिथं मावशीच्या शेजारी ठिणगीचे बाबा बसले होते. लेकीनं घरी जाऊन कात्रीनं कापलेला तुकडा त्यांच्या हातात दिला होता, आणि कालपासून गप्प असलेला तो माणूस पहिला शब्द बोलला होता, "चल."

मावशीनं त्यांना कापसाचे बोळे दिले होते. गाण्यामागून गाणी गेली. ढोल नव्हते, म्हणून लोकच पाय आपटत होते आणि जमीन हादरत होती. मग शेवटचं गाणं आलं. जांभळे दिवे लागले. पडद्यावर काटे तेवढे उजळले, मध्ये नुसता अंधार. ठिणगीनं तार छेडली आणि घोगऱ्या गरजू लागला.

बाबा मावशीच्या कानाशी वाकले. "काय म्हणतोय तो?"

"मला तरी कुठे कळतंय!" मावशी ओरडून म्हणाली. "पण ते तुमच्या मुलाचं नाव आहे. तेच पुन्हा पुन्हा घेतोय."

बाबांनी एका कानातला बोळा काढला. मग दुसऱ्या कानातला काढला, आणि गाणं संपेपर्यंत दोन्ही मुठीत धरून ठेवले.